यादीपासून सूत्राकडे : समचयांचे अध्यापन आणि परस्परसंवादी डिजिटल उपक्रम

शालेय गणितातील ज्या प्रकरणांना पूर्वज्ञान फारसे लागत नाही आणि तरीही ज्यांच्यापुढे हुशार विद्यार्थीही चाचपडतात, त्यांत क्रमचय आणि समचय यांचा क्रमांक वरचा आहे. दिलेल्या वस्तूंमधून काही निवडून त्या विशिष्ट क्रमाने मांडल्या की त्या मांडणीला क्रमचय म्हणतात, आणि क्रमाकडे न पाहता कोणत्या वस्तू घेतल्या एवढेच पाहिले की त्या निवडीला समचय म्हणतात. पाच जणांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार नेमण्याच्या ६० रीती आहेत, तर त्याच पाच जणांतून तिघांची समिती नेमण्याच्या १० च आहेत. साठला सहाने भागावे हे सूत्र सांगते, पण का भागावे हे सूत्राकडे पाहून कळत नाही, आणि या विषयातील बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते. संगणकाच्या पडद्यावर वस्तू हलवता येतात, याद्या क्षणात तयार होतात, एकाच यादीची पुनर्मांडणी वाटेल तितक्या वेळा करता येते. त्यामुळे हा विषय शिकवण्यास डिजिटल साधन जितके अनुकूल आहे तितके क्वचितच दुसऱ्या विषयास असेल. असे असूनही उपलब्ध उपक्रमांपैकी फार थोडे या अनुकूलतेचा लाभ घेतात, कारण यादी करण्याचे आणि ती लावण्याचे काम ते विद्यार्थ्याकडे न ठेवता स्वतःच उरकून टाकतात.

या मताला आधार आहे तो मुलांच्या गणनविचाराविषयी झालेल्या संशोधनाचा. ज्यां पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या संभाव्यताविषयक ग्रंथात असे मांडले होते की, सर्व शक्यता पद्धतशीरपणे संपवण्याची क्षमता मुलांमध्ये पौगंडावस्थेच्या सुमारास, अमूर्त विचाराच्या टप्प्यावर येते. एफ्राइम फिशबाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये या मताला मर्यादा घातली. वृक्षाकृती, म्हणजे प्रत्येक निवडीगणिक फांद्या फुटत जाणारी आकृती, शिकवली तर दहा वर्षांची मुलेही पुष्कळ पुढे जातात असे त्यांना आढळले. पुढे लिन इंग्लिश यांनी चार ते नऊ वर्षांच्या मुलांना खेळण्यातील अस्वलांना वेगवेगळे सदरे आणि विजारी घालण्याचे काम दिले, आणि काही मुले कोणी न शिकवता एक वस्तू स्थिर ठेवून दुसरी क्रमाने फिरवण्याची रीत शोधून काढतात हे नोंदवले. कार्मेन बातानेरो, विर्तुदेस नावारो-पेलायो आणि हुआन गोदिनो यांच्या १९९७ च्या अभ्यासात १४ ते १५ वर्षांच्या ७२० विद्यार्थ्यांच्या चुका तपासल्या गेल्या. त्यातून दिसले की निवड करणे, वस्तू वाटणे आणि गट पाडणे ही तीन रूपे गणिती दृष्ट्या परस्परांत रूपांतरित होत असली तरी विद्यार्थ्याला ती सारखी वाटत नाहीत. प्रश्न कोणत्या रूपात विचारला यावर चुकांचा प्रकार अवलंबून राहतो.

अलीकडच्या काळात या क्षेत्राला सर्वांत उपयोगी चौकट दिली ती एलिस लॉकवुड यांनी. त्यांच्या २०१३ च्या प्रतिमानात गणनविचाराचे तीन घटक आहेत : सूत्र किंवा पदावली, मोजण्याची प्रक्रिया, आणि निष्पत्तींचा संच, म्हणजे जे मोजायचे आहे त्या सर्व शक्यतांचा समूह. वर्गात पहिल्या दोन घटकांवर भर राहतो आणि तिसरा विसरला जातो, तेव्हा विद्यार्थी गुणाकार करत राहतो, परंतु आपण नेमके काय मोजतो आहोत हे त्याच्यासमोर उभे राहत नाही. कोणताही डिजिटल उपक्रम पारखताना म्हणूनच पहिला प्रश्न असा असावा की, निष्पत्तींचा संच पडद्यावर दिसतो का, आणि दिसत असेल तर तो कोणी तयार केला.

या कसोटीवर सर्वांत मोठा वर्ग लगेच बाद होतो. दोन संख्या भरल्या की उत्तर देणारी गणके, चार पर्यायांच्या प्रश्नमंजूषा, आणि सुटलेले उदाहरण टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवणाऱ्या चित्रफिती यांत विद्यार्थी बोट हलवतो, पण यादी करत नाही. त्यांचा सरावासाठी उपयोग नाही असे नाही. त्यांना परस्परसंवादी म्हणणे मात्र योग्य नव्हे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील प्लिंको हे प्रतिरूप याहून वरच्या दर्जाचे आहे. खुंट्यांच्या रांगांमधून गोळ्या घरंगळत खाली येतात, मधल्या कप्प्यांत जास्त आणि कडेच्या कप्प्यांत कमी साचतात, आणि द्विपद वितरणाचा, म्हणजे दोनच पर्याय असलेली कृती अनेकदा केल्यावर दिसणाऱ्या वाटपाचा, आकार डोळ्यांदेखत तयार होतो. तथापि मधल्या कप्प्याकडे जाणाऱ्या वाटा जास्त आहेत म्हणून तेथे गोळ्या जास्त साचतात, हे कारण गोळ्यांच्या लोंढ्यात हरवते. चार रांगांच्या वाटा हाताने आखून १, ४, ६, ४, १ हे आकडे काढण्याचे काम शिक्षकाने वेगळे द्यावेच लागते.

हीच उणीव ओळखून रचलेला उपक्रम डोर अब्राहमसन यांचा आहे, आणि या आढाव्यात त्याला पहिले स्थान द्यायला हवे. त्यांनी उरी विलेन्स्की यांच्या नेटलोगो या प्रणालीत संभाव्यतेची प्रतिरूपे रचली, परंतु पडद्यापूर्वी मुलांच्या हातात दोन रंगांच्या गोट्यांची पेटी आणि चार खळग्यांचे पळीसारखे साधन दिले. एका खेपेस चार गोट्या दोन ओळींत येतात. मुलांनी येऊ शकणारे सर्व नमुने कागदी पत्त्यांवर रंगवायचे, ते १६ आहेत अशी खात्री करून घ्यायची आणि एकाच रंगाच्या गोट्या किती यानुसार त्यांचे पाच स्तंभ रचायचे. या स्तंभांची उंची १, ४, ६, ४, १ अशी येते. त्यानंतर संगणकावर यादृच्छिक नमुने हजारोंनी पडू लागतात, आणि त्यांचे स्तंभ त्याच आकाराकडे झुकतात. ‘रंगाच्या दृष्टीने पाचच प्रकार आहेत, मग १६ पत्ते कशाला’ ही मुलांची शंका या उपक्रमाच्या मध्यभागी आहे, आणि ती शंका म्हणजेच समचय व क्रमचय यांच्यातील नाते आहे. यंत्राने यादी केली नाही, यादीचा परिणाम दाखवला. श्रमाची ही विभागणी अनुकरणीय आहे.

भागाकाराचे कारण दाखवण्यासाठी पत्ते जुळवण्याचा उपक्रम उत्तम असतो. तिघांच्या क्रमबद्ध निवडीचे ६० पत्ते पडद्यावर विखुरलेले असतात आणि एकाच समितीचे पत्ते विद्यार्थी एका गठ्ठ्यात आणतो, तेव्हा प्रत्येक गठ्ठा सहाचा होतो आणि गठ्ठे दहा होतात. डेस्मॉस या गणिती मंचावरील वर्गउपक्रमांत असे जुळवणीचे पत्ते शिक्षकाला स्वतः बनवता येतात, आणि सर्व मुलांची मांडणी एकाच वेळी पाहता येते. फक्त एक पथ्य पाळावे लागते. गठ्ठा भरला की तो आपोआप बंद होईल आणि हिरवा दिवा लागेल अशी सोय केली, तर ‘या गठ्ठ्यात अजून कोणी राहिले का’ हा प्रश्न विद्यार्थ्याला पडायचा राहून जातो.

मोजताना घडणारा सर्वांत फसवा दोष एकच निष्पत्ती अनेकदा मोजण्याचा आहे, आणि डिजिटल साधनाची खरी ताकद येथे आहे. चार मुली आणि तीन मुलगे यांतून तिघांची समिती नेमायची असून निदान एक मुलगी हवी, असे उदाहरण घ्यावे. पुष्कळ विद्यार्थी आधी चारपैकी एक मुलगी निवडतात, मग उरलेल्या सहांतून कोणतेही दोघे १५ रीतींनी निवडतात आणि ६० हे उत्तर देतात. युक्तिवाद निर्दोष वाटतो. परंतु सात जणांतून तिघांच्या एकूण समित्याच ३५ आहेत, आणि त्यांतील एकच समिती मुलींविना आहे, म्हणून योग्य उत्तर ३४. प्रश्नमंजूषा ६० ला चूक ठरवून पुढे जाते. चांगल्या उपक्रमाने विद्यार्थ्याच्याच पद्धतीने यादी करू द्यावी आणि ती समितीनुसार लावू द्यावी. मग एक मुलगी असलेल्या १२ समित्या एकेकदा, दोन मुली असलेल्या १८ समित्या दोनदोनदा आणि तीन मुलींच्या ४ समित्या तीनतीनदा आल्याचे त्याला दिसते. १२, ३६ आणि १२ यांची बेरीज ६० होते. ज्या मुलीला ‘आधी’ निवडले ती कोण, यावरून एकच समिती वेगवेगळ्या रूपांत अवतरली, हे अशा यादीतून समजते, आणि चूक कोठे झाली हे कळण्याबरोबरच ती किती पट झाली हेही कळते. उपलब्ध साधनांत विद्यार्थ्याची चुकीची पद्धत मानून तिच्यावर यादी उभी करणारी साधने अत्यंत विरळ आहेत.

संगणकीय आज्ञावली लिहिण्याचा मार्ग येथे पुष्कळ आशादायक आहे. लॉकवुड आणि अ‍ॅडलिन दे शेन यांनी विद्यार्थ्यांना पायथन भाषेत पुनरावर्तनाच्या आज्ञा आणि अटी वापरून याद्या छापायला लावल्या. पाच वस्तूंतून दोन निवडताना दोन पुनरावर्तने एकात एक घालून कोणतीही अट ठेवली नाही तर २५ जोड्या छापल्या जातात. दोन वस्तू भिन्न असाव्यात अशी अट घातली तर २०. दुसरीचा क्रमांक पहिलीपेक्षा मोठा असावा अशी अट घातली तर १०. आणि मोठा किंवा समान चालेल असे म्हटले तर १५. आज्ञावलीतील एका चिन्हाच्या बदलाने समस्येचा प्रकार बदलतो, आणि क्रम महत्त्वाचा आहे की नाही हा पाठ्यपुस्तकी प्रश्न एका तपासता येणाऱ्या अटीचे रूप घेतो. धोकाही येथे आहे : यादी छापून मिळाल्यावर विद्यार्थ्याने शेवटचा आकडा तेवढा वाचला, तर आज्ञावली म्हणजे एक लांबलचक गणकच ठरते. शिवाय ५२ पत्त्यांतून पाच निवडण्याच्या २५,९८,९६० निष्पत्ती कोणी वाचू शकत नाही. लहान यादीत दिसलेली रचना मोठ्या यादीवर न वाचता लागू करणे हे शिकवावेच लागते, आणि या उडीसाठी रचलेले उपक्रम अद्याप फारसे नाहीत.

पद्धतशीर यादीचे हे शास्त्र भारतीय परंपरेत छंदःशास्त्राने फार पूर्वी विकसित केले होते, हे येथे नोंदवणे औचित्याचे आहे. पिंगलाच्या परंपरेत लघु आणि गुरू अक्षरांच्या सर्व मांडण्यांची ठरावीक क्रमाने केलेली यादी म्हणजे प्रस्तार. यादीतील दिलेल्या क्रमांकाची ओळ शोधणे म्हणजे नष्ट. आणि दिलेल्या ओळीचा क्रमांक शोधणे म्हणजे उद्दिष्ट. मराठी विद्यार्थी वृत्ते शिकताना जे आठ गण पाठ करतात ते तीन अक्षरांच्या प्रस्ताराच्याच आठ ओळी आहेत, आणि त्यांचा क्रम म, य, र, स, त, ज, भ, न असा येतो. सहावी ओळ हवी असल्यास ६ सम म्हणून लघु लिहावा व निम्मे करावे. ३ विषम म्हणून गुरू लिहावा, एक मिळवून निम्मे करावे. २ सम म्हणून पुन्हा लघु. हा ज गण झाला. गुरूंच्या संख्येनुसार गण लावले तर न एकटा, मग भ, ज, स हे तीन, मग य, र, त हे तीन आणि शेवटी म एकटा, अशी १, ३, ३, १ ही मेरूची, म्हणजे अशा आकड्यांच्या त्रिकोणी कोष्टकाची, ओळ निघते. या मेरूचे वर्णन टीकाकार हलायुधाने दहाव्या शतकात केले आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांच्या ५०४० क्रमांसाठी हेच नष्ट आणि उद्दिष्ट खंडमेरू या कोष्टकाच्या साहाय्याने सोडवलेले आहे, आणि ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी सहा रसांच्या मिश्रणांचे ६, १५, २०, १५, ६, १ असे एकूण ६३ प्रकार मोजले आहेत. नष्ट आणि उद्दिष्ट या दोन्ही कृतींत यादीची रचना समजल्याशिवाय उत्तर येत नाही आणि यंत्राला उत्तर तपासणे सोपे जाते. परस्परसंवादी उपक्रमाला याहून सोयीचे प्रश्न सापडणे कठीण. मराठी भाषा आणि गणित हे दोन तास या एका ठिकाणी खरोखर जोडता येतील, तरीही असा उपक्रम पाठ्यक्रमात कोठे आढळत नाही ही खेदाची गोष्ट आहे.

महाराष्ट्रात परिस्थिती संमिश्र आहे. दहावीच्या संभाव्यतेच्या प्रकरणात विद्यार्थी नमुना अवकाश, म्हणजे सर्व निष्पत्तींचा संच, मराठीतून लिहायला शिकतो. अकरावीच्या विज्ञान शाखेत क्रमचय आणि समचय येतात तेव्हा बहुतांश ठिकाणी माध्यम इंग्रजी झालेले असते, आणि यादी करण्याची सवय सूत्रांच्या रेट्यात तुटते. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर संकेत आणि २०१७ मध्ये सुरू झालेला दीक्षा हा मंच यांनी साहित्य खेड्यापर्यंत नेले, परंतु ते प्रामुख्याने पाहण्याचे आणि उत्तर निवडण्याचे साहित्य आहे. जिओजेब्रा ही गणिती प्रणाली मोफत आहे, मराठीतही वापरता येते, आणि पत्ते किंवा प्रस्तार यांसारखा उपक्रम त्यात एखादा उत्साही शिक्षक स्वतः रचू शकतो. मात्र त्यासाठी लागणारा वेळ त्याच्या तासिकांत कोठेही धरलेला नसतो. अकरावी-बारावीत प्रवेशपरीक्षांचे बहुपर्यायी प्रश्न समोर असतात, म्हणून यादी करण्यात घालवलेली तासिका वाया गेली असे पालकांना आणि शिक्षकांनाही वाटते. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाच्या कॅरोलिन माहेर यांच्या दीर्घकालीन अभ्यासात दोन रंगांच्या ठोकळ्यांचे मनोरे आणि पिझ्झावरील पदार्थांची निवड हे दोन प्रश्न मुलांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा दिले गेले, आणि दोहोंत एकच रचना आहे हे मुलांनी स्वतः ओळखले. तेथे हे ठोकळ्यांनी आणि भरपूर वेळ देऊन साधले होते. तेवढा वेळ नसेल तर सुसज्ज संगणककक्षातही ते घडणार नाही.

साधनांच्या आयुष्याचा प्रश्नही दुर्लक्षिता येत नाही. अमेरिकेतील यूटा राज्य विद्यापीठाने १९९९ पासून उभारलेला आभासी गणितसाहित्याचा संग्रह जावा लघुप्रणालींवर आधारलेला होता. न्याहाळकांनी जावाचा आधार काढून घेतला तेव्हा तो वर्गात चालवणे अवघड झाले, आणि २०२० अखेर फ्लॅश बंद झाल्यावर त्या तंत्रात बनवलेली असंख्य शैक्षणिक प्रतिरूपेही निकामी झाली. मराठीत नवे साहित्य रचताना ते साध्या आंतरजालीय तंत्रात, स्वस्त मोबाइलवर आणि जोडणी नसतानाही चालेल असे असावे, त्याची मूळ आज्ञावली खुली असावी, आणि त्यासोबत विद्यार्थ्याची यादी कशी वाचावी याची शिक्षकासाठी टिपणे असावीत. प्रस्तार, गठ्ठे आणि दुहेरी गणनेचा शोध हे तीन उपक्रम असे तयार झाले तरी अकरावीच्या प्रकरणातील बहुतेक मूळ अडचणींना त्यांतून हात घालता येईल.