चुकांची नोंदवही आणि गुणवत्तेचा प्रश्न

संगणकीय आज्ञावलीची गुणवत्ता ठरविण्यासाठी आज मानके उपलब्ध आहेत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २०११ च्या मानकात तिचे आठ गुणधर्म सांगितले होते. २०२३ च्या आवृत्तीत ते नऊ झाले. अशा याद्या उपयुक्त खऱ्या. परंतु काव्यगुण पाठ केल्याने काव्य कसे सिद्ध होते हे जसे उमगत नाही, तशी या याद्यांवरून गुणवत्ता कशी घडते हे उमगत नाही. त्यासाठी डॉनल्ड कनूथ यांचा ‘टेखच्या चुका’ हा १९८९ चा निबंध वाचावा.

‘टेख’ ही ग्रंथांची अक्षरजुळणी करणारी आज्ञावली होय. (नावातील अंत्य वर्ण ग्रीक असून त्याचा उच्चार घर्षक आहे. ‘टेक’ हा रूढ उच्चार आमच्या कानास खटकतो. पण ते असो.) तिच्यात केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद कनूथ यांनी दहा वर्षे ठेवली. आठशेहून अधिक नोंदींचे त्यांनी पंधरा वर्ग पाडले. त्यांपैकी नऊ दोषांचे व सहा सुधारणांचे. या वर्गीकरणातील खरे मर्म ‘अनपेक्षित प्रसंग’ या वर्गात आहे. टंकनदोष लेखकाला लाजवितो, एवढेच. येथे मात्र प्रत्येक नियम स्वतंत्रपणे निर्दोष असतो आणि दोन नियम एकाच ठिकाणी प्रवृत्त झाले की अनर्थ ओढवतो. पाणिनीय परंपरेत विप्रतिषेधाचा विचार ज्यांनी केला आहे, त्यांना ही अडचण परकी वाटणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की, आज्ञावलीच्या योजकानेच ती लिहावी, प्रथम स्वतः वापरावी आणि तिची पहिली मार्गदर्शिकाही स्वतःच लिहावी, असा कनूथ यांचा आग्रह आहे. तो आम्हास पूर्णपणे पटतो. जो नियम वाचकाला सरळ वाक्यात समजावून देता येत नाही, तो बहुधा मुळातच वाकडा असतो. व्याकरण लिहिणाऱ्या कोणासही हा अनुभव नवा नाही.

तथापि दोन आक्षेप नोंदविणे भाग आहे. ‘गुणवत्तेचा शोध’ हा पंधरांपैकी केवळ एक वर्ग ठरविल्यामुळे उरलेल्या नोंदी जणू गुणवत्तेबाहेरच्या आहेत असा भास होतो. वस्तुतः सबंध नोंदवही हाच तो शोध आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. योजक, लेखक आणि पहिला वापरकर्ता एकच असला, की त्याच्या भाषेबाहेरचे दोष त्याच्या वहीत सहसा उतरत नाहीत. मूळ ‘टेख’ला निवेशासाठी १२८ च वर्ण पुरेसे वाटत होते. इंग्रजीपुरते ते ठीक होते. स्वरचिन्हांकित अक्षरे वापरणाऱ्या युरोपीयांची मात्र अडचण झाली. त्यांच्या आग्रहामुळे १९८९ मध्ये ही मर्यादा २५६ करण्यात आली आणि एकाच परिच्छेदात अनेक भाषांचे शब्दविच्छेद-नियम वापरण्याची सोय झाली. हा बदल स्वीकारण्यातील कनूथ यांचा मोकळेपणा प्रशंसनीय आहे, यात शंका नाही.

देवनागरीला मात्र तेवढ्याने भागणारे नव्हते. ‘कि’ या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते; जोडाक्षरांचा प्रश्न आणखी निराळा. फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये पूर्ण केलेली देवनागरीची योजना म्हणूनच ‘टेख’च्या बाहेर, तिच्या आधी चालणाऱ्या एका वेगळ्या आज्ञावलीवर उभी राहिली. रोमन लिपीत लिहिलेला मजकूर प्रथम ती वाचते, वर्णांचा क्रम लावते आणि मग तो ‘टेख’च्या हाती देते. कनूथ यांच्या वहीत या कामाला वर्ग नाही.