गेटवर थांबलेली २४७ विमानं : एका चांगल्या पेपरचं उलट वाचन

अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये आकडा दिसला की मी आधी पेन घेऊन तो भागून बघते. ही सवय गाइडच्या ओरडण्यातून लागली, पण उपयोगी आहे. आज ज्या पेपरबद्दल लिहितेय, तो या सवयीमुळेच मला नीट कळला.

पेपर एमआयटीचा आहे. सिमायाकिस, हम्सा बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावर केलेला प्रयोग. प्रश्न साधा आहे. गर्दीच्या वेळी विमानं एकापाठोपाठ गेटवरून मागे ढकलली जातात (यालाच पुशबॅक म्हणतात) आणि मग इंजिनं चालू ठेवून धावपट्टीच्या रांगेत उभी राहतात. सुरुवातीला जमिनीवर विमानं वाढली की उड्डाणंही वाढतात. पण एका मर्यादेनंतर धावपट्टीची क्षमता संपते, आणि पुढे प्रत्येक जादा विमानाने फक्त रांग लांबते. मग त्याला गेटवरच, इंजिन बंद ठेवून का थांबवू नये?

उपायही तितकाच साधा. दर पंधरा मिनिटांनी पुढचा अंदाज बांधायचा, किती पुशबॅक सोडायचे तो दर ठरवायचा, आणि टॉवरमधल्या कंट्रोलरला रंगीत कार्ड दाखवायचं. हो, कार्ड! बोलून त्याचं लक्ष विचलित करायचं नाही म्हणून. टॅब्लेट पुढच्या वर्षी आले. मला हा पेपरातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. चालू टॉवरमध्ये संशोधकांना उभं राहू देणं ही सोपी गोष्ट नाही, आणि कंट्रोलरची पद्धत न मोडता आपलं गणित त्यात बसवणं त्याहून अवघड.

आता आकडे बघू. २४७ विमानं थांबवली, प्रत्येक सरासरी सव्वाचार-साडेचार मिनिटं. वाचलेलं इंधन १२,२५० ते १४,५०० किलो. भागा. विमानामागे साधारण ५० ते ५९ किलो, म्हणजे थांबवलेल्या दर मिनिटाला अकरा ते चौदा किलो. आणि ए३२० सारखं विमान जमिनीवर दोन्ही इंजिनं चालू असताना मिनिटाला साधारण दहा-बारा किलो इंधन पितं. आकडा जुळला, छान. पण जुळला याचा अर्थ काय? गेटवरचं जवळपास प्रत्येक मिनिट रांगेतलं एक मिनिट वाचवतं, असा हिशोब यातून निघतो. थांबवलं नसतं तर काय झालं असतं, हे कुणी मोजू शकत नाही, ते मॉडेललाच विचारावं लागतं. लेखक 'अंदाजे' हा शब्द प्रामाणिकपणे वापरतात. तो गाळतो आपण, त्यांना साइट करताना.

दुसरं असं, की चाचण्या १६ वेळा झाल्या, पण विमानं थांबवण्याइतकी गर्दी त्यांतल्या ८ वेळाच होती. हेही पेपरात लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. पण 'ही पद्धत बसवली तर वर्षाला इतकं वाचेल' असं कुणी सांगायला लागलं, तर आधी विचारायचं, गर्दीचे दिवस किती धरलेत?

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. मॉडेलमध्ये पुशबॅक म्हणजे एक क्षण, मोजणीत एकाची भर. प्रत्यक्षात ते काही मिनिटांचं काम असतं आणि त्यात माणसं असतात. ट्रॅक्टरचालक असतो, कॉकपिटशी हेडसेटवर बोलणारा असतो, पंखांच्या टोकांवर नजर ठेवणारे असतात. अरुंद गल्लीसारख्या रॅम्पवर एक विमान मागे आलं की शेजारची दोन-तीन गेटं अडकतात. ब्रेक, टो-बार काढणं, इंजिन सुरू, माणसं बाजूला, मग हाताचा इशारा. टॉवरची परवानगी ही एक साखळी आणि जमिनीवरचा इशारा ही दुसरी. कार्ड पहिलीलाच कळतं.

दुसरी साखळी तुटली की काय होतं ते आपल्याकडे घडलंय. १६ डिसेंबर २०१५ ला मुंबई विमानतळावर पुशबॅकनंतर, जमिनीवरचा तंत्रज्ञ अजून तिथेच असताना विमान पुढे निघालं आणि तो इंजिनात ओढला गेला. तिथे कुठलाही दर चुकला नव्हता. जिच्यात चूक होते ती पायरीच आपल्या चलांमध्ये नाही.

म्हणून मी पेपर वाईट म्हणते का? अजिबात नाही. रांग आखूड झाली की रॅम्पबाहेरचा गोंधळ कमी होत असणार. पण 'थांबा, थांबा, आता निघा' असं झाल्यावर खालच्या टीमवर घाईचा दाब येतो का? येतही नसेल. वेळ आधी कळल्यामुळे काम उलट निवांत होत असेल. दोन्ही शक्य आहे, आणि किलोत मोजून यातलं काहीच कळणार नाही. त्यासाठी परवानगी मिळाल्यापासून ट्रॅक्टर हलेपर्यंतचा वेळ आणि टो-बार निघाल्यापासून शेवटचा माणूस बाजूला होईपर्यंतचा वेळ हवा, थांबवलेल्या आणि न थांबवलेल्या विमानांचा वेगवेगळा.

माझ्या प्रपोजलच्या तिसऱ्या पानावर सध्या हे दोनच कॉलम आहेत. रिकामे.