नवसाने वाचलेला चित्रकार

आपल्याकडे एका रोगाला ‘देवी’ म्हणत. ज्या रोगाने घरेच्या घरे ओस पाडली त्याला देवतेचे नाव देण्यात भक्ती किती आणि भीती किती, हे सांगणे कठीण आहे. सुलतान बाजार, काचीगुडा भागातील जुन्या मराठी घरांत, चेहऱ्यावर देवीचे वण असलेले एखादे तरी वडीलधारे माणूस माझ्या लहानपणी असेच. आमच्या घरात ते माझे वडील होते. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि पुढील पिढीला ते चेहरे परके झाले. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची चित्रे मी प्रथम छापील प्रतिकृतींतून पाहिली, तेव्हा मला त्या चेहऱ्यांची आठवण झाली. ही चित्रे ‘विद्रूप’ म्हणून बाजूला सारणाऱ्या रसिकांशी दोन शब्द बोलावेत, एवढाच या टिपणाचा हेतू.

सूझा यांचा जन्म १९२४ साली गोव्यातील साळगावचा. ते अवघ्या काही महिन्यांचे असताना वडील वारले; मागोमाग थोरली बहीणही गेली. पुढे स्वतः सूझांना देवी आल्या. तेव्हा आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला की, मुलगा वाचला तर त्याला धर्मगुरू करीन. मुलगा वाचला, ‘न्यूटन’च्या आधी ‘फ्रान्सिस’ हे नाव लागले, ते त्या उपकाराची खूण म्हणून. मात्र तो धर्मगुरू झाला नाही. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या आईबरोबर तो मुंबईत वाढला, १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत उभा राहिला आणि १९४९ मध्ये लंडनला गेला.

घरातील मृत्यू आणि आजारपण चित्रात कसे उतरते, या प्रश्नावर नॉर्वेच्या एडवर्ड मुंकचे उदाहरण नेहमी दिले जाते. १८६८ मध्ये आई आणि १८७७ मध्ये बहीण सोफी, दोघीही क्षयाने गेल्या. १८८५-८६ मध्ये त्याने ‘आजारी मूल’ हे चित्र केले. उशीला टेकलेली मुलगी, शेजारी मान खाली घातलेली स्त्री. रंग पुन्हा पुन्हा खरवडून तो ते रंगवीत राहिला. पुढील चाळीस वर्षांत हाच विषय त्याने आणखी पाच वेळा रंगवला. मुंकही लहानपणी आजारी असे. पण या चित्रात तो खाटेजवळ उभा आहे. त्याचे दुःख पाहणाऱ्याचे आहे, म्हणून त्यात कारुण्य आहे.

सूझांच्या चित्रांत हे कारुण्य सापडत नाही, कारण इथे चित्रकार स्वतःच खाटेवर आहे. त्यांचे १९५५ चे ‘मिस्टर सेबॅस्टियन’ पाहा. कोट घातलेला माणूस आणि त्याच्या चेहऱ्यात व मानेत रुतलेले बाण. सेंट सेबॅस्टियन हा बाणांनी विद्ध झालेला संत. युरोपात शतकानुशतके लोक साथीच्या रोगापासून रक्षण व्हावे म्हणून त्याचा धावा करीत. रोग म्हणजे वरून आलेले बाण, ही त्यामागची समजूत. आपल्या ‘देवी’ या शब्दामागेही तीच नाही काय? जुन्या चित्रांत हा संत देखणा आणि शांत असतो. सूझांनी बाण घेतले, शांती घेतली नाही.

‘क्रुसिफिक्शन’ (१९५९) हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातील ख्रिस्त काळासावळा, दात विचकलेला. रेषा रंगाच्या कडेने धावण्याऐवजी काट्यांसारख्या बाहेर येतात. गोव्याच्या चर्चमधील जखमी ख्रिस्ताच्या मूर्ती सूझांनी लहानपणी पाहिल्या होत्या. त्या मूर्तींपुढे भाविकाला सांत्वन मिळते. या चित्रापुढे ते मिळत नाही. दुसऱ्यांच्या उद्धारासाठी मरण पत्करणारा हा ख्रिस्त कृतार्थ दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल की प्रत्येक रेषेमागे बालपणीचा आजार शोधणे ही समीक्षेची पळवाट आहे. आक्षेप रास्त आहे. रुओ आणि पिकासो यांचा सूझांवरील प्रभाव उघड आहे. परक्या लंडनमधील हलाखीचाही त्यांत वाटा असेल. देवी येऊन गेलेले हजारो लोक चित्रकार झाले नाहीत. दुःखाने हात घडत नाही. परंतु घडलेल्या हाताने काय नाकारावे, हे दुःख ठरवू शकते. सूझांनी गोडवा नाकारला.

त्याचे कारण मला माझ्या वडिलांमुळे कळले, असे वाटते. ते सूझांच्याच पिढीचे. लहानपणी दोघा भावांना एकाच वेळी देवी आल्या. आजीने तुळजाभवानीला नवस केला. थोरला गेला, धाकटे वाचले. तो नवस फेडून झाला होता, तरी वडील दरवर्षी तुळजापूरला जात. गेलेल्या भावाचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. एकदा मी विचारले, “आता कशाला जाता?” ते म्हणाले, “मी वाचलो, त्याचा हिशेब अजून लागलेला नाही.” मी आयुष्यभर सरकारी हिशेब तपासले, हा मात्र मला कधी तपासता आला नाही.

नवसाने वाचलेल्या माणसाचे जगणे उसने असते. वडिलांनी ते कर्ज मुकाट्याने वाहिले. सूझांनी देणेकऱ्याने धनकोला जाब विचारावा तसे चित्र काढले. २००२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले, तोवर तो जाब संपला नव्हता. ‘क्रुसिफिक्शन’मधील आवळलेले दात मला आता विद्रूप वाटत नाहीत. वडील जे कधी बोलले नाहीत, ते त्या दातांमागे अडकून राहिलेले असावे.