पदक कोणाचें, लढा कोणाचा ?

एकोणिसाव्या शतकांतील युद्धपदकें जमविण्याची आवड स्तुत्य आहे. परंतु १८१७-१८ अथवा १८५७-५८ च्या युद्धाचें पदक हातीं येतांच त्यास ‘स्वातंत्र्ययुद्धाचें पदक’ अशी चिठ्ठी डकवावयाची, हा प्रघात आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम पदक स्वतः काय सांगतें तें पाहूं. खडकी, पुणें व कोरेगांव या नांवांच्या पट्ट्या ज्यास असतात तें ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक कंपनी सरकारनें १८५१ सालीं, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर ३३ वर्षांनीं, मंजूर केलें. तेंही आपल्याच फौजेंतील तोंवर हयात असलेल्या लोकांस. पुढील पदकाची ‘सेंट्रल इंडिया’ ही पट्टी सर ह्यू रोज यांच्या सैन्यास झांशी, काल्पी व ग्वाल्हेर येथील लढायांबद्दल मिळाली. झांशीचा तट ज्यांनीं लढविला, त्यांस कसलें पदक ?

शहापूर-मुरबाडकडे पाहिलें म्हणजे हा मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. ठाणें, नाशिक, नगर व पुणें या प्रांतांच्या डोंगराळ भागांत कोळ्यांचें बंड उभारणारा राघोजी भांगरे २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेला. त्याच्या पाठलागाबद्दल सरकारनें पट्टी काढली नाहीं, आणि बंडवाल्यांजवळ तर टांकसाळच नव्हती. मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील धारातीर्थीं पडले. स्वातंत्र्यसैनिकांस ताम्रपट मिळाले ते १९७२ सालीं. तात्पर्य, केवळ धातूच्या आधारें शोध करूं जाणारास या डोंगरांतील एकोणिसाव्या शतकाचा लढा दिसावयाचाच नाहीं. तो दप्तरांत, जबान्यांत व लोकांच्या तोंडीं शोधला पाहिजे.

मग हीं पदकें त्याज्य मानावीं काय ? मुळींच नाहीं. मुंबई सैन्यांत कोंकणचे लोक पुष्कळ होते, व झांशीच्या मोहिमेंत मुंबईच्या पलटणी होत्या. पदकाच्या कडेवर शिपायाचें नांव व पलटण असल्यास तो एक लहानसा लेखच होय. मात्र लेखास लावतों तीच कसोटी त्यास लावावी. कड घासून दुसरें नांव घातलें आहे काय, पट्टी मागाहून जोडली आहे काय, हें भिंगाखालीं पाहावें. राणीचें मस्तक आहे कीं पंचम जॉर्जचें, एवढें पाहिलें तरी १९१४-१८ च्या महायुद्धाचें पदक ‘सत्तावन्नचें’ म्हणून गळ्यांत पडणार नाहीं.

सर्वांत मोठी हानि निराळीच आहे. पदक विकत घ्यावयाचें व त्याच गांठोड्यांतील पेन्शनचे कागद घरींच कुजूं द्यावयाचे, हा व्यवहार म्हणजे शिक्का ठेवून सनद जाळण्यासारखा आहे. पदक कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्यांत व कोणत्या कागदांसह मिळालें, याची टिपणी त्याच दिवशीं करावी. चिठ्ठीवर लढाईचें नांव, साल व पदक कोणीं कोणास दिलें एवढेंच लिहावें. जेत्याच्या बक्षिसास जिताचें नांव देऊन राघोजीचा गौरव होत नाहीं. उलट त्या शिपायाचें नांव मात्र पुसलें जातें.