‘जि. धुळे’ म्हणजे नेमके कुठे?

रानातल्या अळंब्यांच्या ज्या याद्या आपल्याकडे आहेत, त्यांत जातीचे नाव काळजीपूर्वक दिलेले असते. ती सापडली कुठे, हे मात्र बहुधा एका-दोन शब्दांत उरकलेले असते. बटलर आणि बिस्बी यांच्या १९३१ सालच्या ‘द फंजाय ऑफ इंडिया’ने विखुरलेल्या नोंदी एकत्र आणल्या, हे काम मोठेच आहे. आमचा आक्षेप याद्यांना नाही, ठिकाणाला दुय्यम मानण्याच्या सवयीला आहे.

नंदुरबारचेच उदाहरण घेऊ. समजा, तोरणमाळच्या जंगलात एखाद्या विद्यार्थ्याला लॅक्टेरियस वंशातील दुधी अळंबी सापडली. छत्रीखालची पाती मोडली की हिच्यातून चीक पाझरतो. चिठ्ठीवर ठिकाण काय लिहावे? १९५० साली ‘पश्चिम खानदेश’ लिहिले गेले असते, १९९० साली ‘धुळे’ आणि १ जुलै १९९८ नंतर ‘नंदुरबार’. जागा एकच, जिल्ह्याची नावे तीन! आज जुन्या चिठ्ठीवरचे ‘धुळे’ वाचून कोणी नकाशावर ठिपका टाकला, तर अळंबी सातपुडा उतरून थेट पांझरेकाठी जाईल.

गावाइतकेच झाडही महत्त्वाचे. दुधी अळंबी विशिष्ट वृक्षांच्या मुळांशी सहजीवन साधून जगते. सालवृक्ष तिला मानवतो. नंदुरबारच्या सातपुड्यात मात्र सागाचे प्राबल्य आहे, आणि सागाच्या मुळांशी नाते जोडणाऱ्या बुरशी निराळ्या गटातल्या असतात. म्हणून येथे ती आढळलीच, तर जवळ कोणते झाड होते हा पहिला प्रश्न. ते लागवडीचे निलगिरीचे झाड असेल, तर अळंबी रोपांच्या मातीतून आलेली असू शकते. नोंदीचा अर्थच बदलतो.

नावेही स्थिर नसतात. २००८ नंतरच्या जनुकीय अभ्यासांमुळे अनेक जाती लॅक्टेरियसमधून लॅक्टिफ्लस वंशात गेल्या. उत्तर थायलंडमध्ये ‘व्होलेमस’ या एकाच नावाखाली १८ वेगळे वंशगट असल्याचे २०१० मध्ये दिसून आले. वाळवलेला नमुना जपला असेल, तरच जुनी नोंद पुन्हा तपासता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवकसंग्रहाचे मोल यातच आहे. मोबाइलच्या छायाचित्राने अक्षांश-रेखांश मिळतात. बीजाणू, वास आणि चिकाचा पालटणारा रंग मिळत नाही.

नकाशावर एखादा तालुका कोरा दिसला की तेथे अळंबी नाही, असा समज होतो. वस्तुतः तेथे कोणी शोधलेच नसेल. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीत १९९३ साली सरदार सरोवराचे पाणी शिरले. तिथल्या बुडालेल्या रानातली जी नोंद राहून गेली, ती आता कायमची राहिली.

म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून चिठ्ठी पुरी लिहून घ्यावी: त्या दिवशीचे गाव, तालुका व जिल्हा, यशवंत तलावासारख्या ठळक खुणेपासूनचे अंतर व दिशा, उंची, आसपासची झाडे, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. शोधूनही न सापडल्यास तेही लिहावे. चिकाची चव मात्र कोणालाही घेऊ देऊ नये. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला त्याच झाडाखाली उभे राहता आले, तर ती नोंद खरी.