पाचपैकी किती?

आमच्या बँकेत दुपारी दीड ते दोन ही वेळ जेवणाची आहे, असा एक गैरसमज बाहेर पसरलेला आहे. ती वेळ सिनेमाच्या परीक्षणाची आहे. जेवण आपलं तोंडी लावण्यापुरतं. डब्याचं झाकण निघतं, वास येतो, पण भाजी कसली हे कळायच्या आत समोरून कॅशियर विचारतो, "काय हो, रविवारी बघितला म्हणे? पाचपैकी किती?"

शाळेत गणिताच्या मास्तरांनी मला पाचपैकी तीनच्या वर कधी दिले नाहीत. त्यामुळे गुण द्यायचा अधिकार आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाती आल्यावर मी तो जपून वापरला असता तरच नवल. ज्या सिनेमासाठी शे-दोनशे माणसं वर्षभर उन्हातान्हात राबली, त्याला मी आमटीचा भुरका मारता मारता "दीड" म्हणतो आणि डबा धुवायला उठतो.

गुण देण्याच्या बाबतीत आमच्या शाखेत एकवाक्यता नाही. कॅशियर दशांशात देतो. "सव्वातीन," असं तो म्हणाला की वरचा पावभाग त्याने कशाबद्दल दिला असेल या विचाराने मला दुपारी झोप येत नाही. (एरवी येते.) सोनेतारण कर्जासाठी दागिने पारखायला येणारे सराफ कॅरेटमध्ये बोलतात. "अठरा कॅरेट, वरून पॉलिश," हे त्यांचं एका मोठ्या हिंदी सिनेमाबद्दलचं मत मी कुठल्याही वर्तमानपत्रातल्या परीक्षणापेक्षा वरचं मानतो. मॅनेजरसाहेब स्वतः गुण देतच नाहीत. ते फक्त विचारतात, "किती कोटी केले?" ठेवींचं उद्दिष्ट ज्याच्या डोक्यावर टांगलेलं असतं, त्याला सिनेमातही कलेक्शनच दिसणार. 'सैराट'ने शंभर कोटींच्या वर धंदा केला, मराठीत हे पहिल्यांदाच घडलं, हे कळल्यावर त्यांनी तो पाहिला. तोवर तो उतरायला आला होता.

आणि मी? मी वाघोलीप्रमाणे गुण देतो. त्याचं असं आहे, की शिरूरहून पुण्याच्या मल्टिप्लेक्सला जायचं म्हणजे नगर रस्त्याने जायचं, आणि नगर रस्त्याने जायचं म्हणजे वाघोलीला थांबायचं. एकदा तिथे असे अडकलो की पोचलो तेव्हा सिनेमाचा पाऊण तास होऊन गेला होता. परिणामी तो सिनेमा मला फार सुटसुटीत वाटला. चार दिले. दुसऱ्या एका सिनेमाला वेळेवर पोचलो, पण मध्यंतरात पॉपकॉर्नचं बिल पाहिलं. त्या पैशांत आमच्याकडचा शेतकरी मक्याचं बियाणं आणतो. पॉपकॉर्नसाठी पीककर्जाची सोय आहे का, याचा विचार करण्यात उत्तरार्ध गेला. त्याला दोन. सिनेमावाल्यांचा दोष एवढाच, की त्यांचा मध्यंतर त्या दुकानासमोर झाला.

हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवत आलोय. बी.कॉम. झालेल्या माणसाला नोंद केल्याशिवाय काही घडलं असं वाटतच नाही. २०१४ साली, 'फँड्री' लागला त्या सुमारास, वही घातली. तारीख, सिनेमाचं नाव, तिकीट, प्रवासखर्च, गुण आणि शेवटी एका ओळीचा अभिप्राय. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती सापडली. हिने रद्दीत टाकायला काढली होती, मी ऑडिटला घेतली.

ऑडिटर आपल्या कारकुनाबद्दल जे लिहितो तेच मला माझ्याबद्दल लिहावं लागेल : नोंदी व्यवस्थित, हिशोब साफ चुकलेला.

पाचपैकी पाच दिलेले नऊ सिनेमे निघाले. त्यांतल्या सहांचा एक प्रसंग आठवेल तर शपथ. एकाच्या पुढे अभिप्राय आहे, "एसी उत्तम." दुसऱ्याच्या पुढे, "खुर्च्या मागे जातात." त्यांची नावं इथे देत नाही. बिचाऱ्यांनी खरोखरच करमणूक केली होती, ती त्याच दिवशी संपली एवढंच. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, याबद्दल कुणी तक्रार करत नसतो.

गंमत खालच्या मार्कांत आहे.

'सैराट', २०१६. गुण तीन. अभिप्राय : "दोन अर्धे जुळत नाहीत. शेवट फार जड. अर्धा तास कापावा." हे मी माझ्याच अक्षरात लिहिलंय म्हणून नाकारता येत नाही. आता काय वाटतं ते सांगतो. नागराज मंजुळेंनी पहिला अर्धा भाग इतका गोड का केला, तर आपण गाफील राहावं म्हणून. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आपण शिट्ट्या मारतो. करमाळ्याकडचं ते ऊन, ती विहीर, तो ऊस आपल्या ओळखीचा. या ओळखीच्या मुलखात वाईट काय होणार, असं वाटायला लागतं. शेवटी आवाज बंद होतो आणि ते लहान मूल चालत बाहेर येतं, तेव्हा कळतं की वाईट होतं ते ओळखीच्याच मुलखात. मला आठवतंय, 'झिंगाट'ला खुर्च्यांवर उभी राहून नाचलेली पोरं बाहेर येताना एक शब्द बोलत नव्हती. नुसत्या मोटारसायकली सुरू झाल्याचे आवाज. आणि मी घरी येऊन "अर्धा तास कापावा" असं लिहिलं! कापायचा तो नेमका मला टोचलेला अर्धा तास होता.

'बाईपण भारी देवा', २०२३. गुण तीन. अभिप्राय : "बायकांचा." एवढाच. वास्तविक त्या दिवशी सबंध थिएटरात नऊवाऱ्या, नथी आणि गॉगल यांची गर्दी होती, पुरुष म्हणून मी आणि तिकीट फाडणारा. केदार शिंदेंनी सहा बहिणी घेतल्या आहेत, एकमेकींशी फटकून वागणाऱ्या, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने त्यांना एकत्र आणलंय. काही ठिकाणी ओढूनताणून आहे, हे मी आजही म्हणेन. पण वहीत एक गोष्ट लिहायची राहिली. परत येताना रांजणगावपर्यंत ही गप्प होती. मग पर्समधून फोन काढून तिने दौंडच्या बहिणीला लावला. जमिनीच्या वाटणीवरून चार वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. फोनवर ती म्हणाली, "अगं, काही नाही. सिनेमा बघून आले. तू बघ." बस. एवढं बोलायला चार वर्षं लागली होती. मी भावजी या नात्याने चार वर्षांत जी मध्यस्थी केली, तिला पाचपैकी शून्य.

मी हिला विचारलं, "तू किती देशील त्या सिनेमाला?"

"अहो, सिनेमाला कसले मार्क देता? तो काय परीक्षेला बसला होता?"

आमच्या शिपाईमामांचंही साधारण हेच मत. २०२५च्या फेब्रुवारीत 'छावा' लागला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर नुसती लढाई. कॅशियरचं म्हणणं, विकी कौशलला पाच, संगीताला दोन, सरासरी साडेतीन. मी म्हटलं, पूर्वार्ध नुसता लढायांचा, कादंबरीतला कवी-मनाचा शंभूराजा पडद्यावर ओझरताच दिसतो. मामा वढूकडचे. वढू बुद्रुक आमच्या शिरूर तालुक्यातलं, १६८९ सालचं ते सगळं घडल्यानंतरची महाराजांची समाधी तिथली. कुणीतरी त्यांना विचारलं, "मामा, तुमचे किती?"

मामा म्हणाले, "साहेब, आमच्या गावच्या समाधीला कुणी मार्क देतं व्हय?"

टेबलावर शांतता पसरली. माझं मत मी बदललेलं नाही. सिनेमा वेगळा आणि समाधी वेगळी, पूर्वार्ध पसरट आहे तो आहेच. श्रद्धेपोटी पूर्वार्ध आटोपशीर होत नाही. पण मामांनी पाहिलेला सिनेमा आणि मी पाहिलेला सिनेमा हा एकच नव्हता, आणि माझ्या वहीत रकाना एकच.

आता मुख्य नोंद. 'कोर्ट', २०१५. गुण एक. अभिप्राय : "संथ. हेच मी रोज दहा ते पाच फुकट बघतो."

चैतन्य ताम्हाणेंच्या या सिनेमाला व्हेनिसला बक्षीस मिळालं, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि शिरूरहून माझा एक. गोष्ट अशी : एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका गटारसफाई कामगाराने जीव दिला. खटला चालतो म्हणजे काय, पुढे ढकलला जातो. कुणी आरडाओरडा करत नाही, कुणी खलनायक नाही. न्यायाधीश एका बाईचं प्रकरण ऐकायला नकार देतात, कारण तिने बिनबाह्यांचे कपडे घातलेत. सगळं नियमात. शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात. न्यायाधीश सहलीला गेलेत, बाकावर डुलकी घेतायत. पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला थोबाडीत मारतात आणि परत डोळे मिटतात. संपला सिनेमा. मी शेजारच्याला विचारलं होतं, "रीळ तुटलं काय हो?"

त्यानंतर काही वर्षांनी, एका नोव्हेंबरात, माझ्या खिडकीवर एक आजी आल्या. नोव्हेंबर हा आमच्याकडे पेन्शनरांनी जिवंत असल्याचं सिद्ध करायचा महिना. हयातीचा दाखला द्यायचा, नाही दिला तर पेन्शन थांबते. आजी समोर उभ्या होत्या, म्हणजे हयात होत्या हे मला दिसत होतं. पण पासबुकात नावापुढे 'बाई' होतं आणि आधारवर नव्हतं. मी म्हटलं, "आजी, नाव जुळत नाही. दुरुस्त करून पुढच्या आठवड्यात या."

"मागल्या आठवड्यातबी हेच म्हनला व्हता, दादा."

"मग केलं का दुरुस्त?" माझा आवाज जरा चढला. दीड वाजला होता.

आजी काही न बोलता बाकावर जाऊन बसल्या. त्यांची एस.टी. चारची होती. मी डबा उघडला. टेबलावर कुठल्याशा सिनेमाची चर्चा चालली होती, पाचपैकी किती म्हणून. आणि काय झालं कोण जाणे, मला ती थोबाडीत आठवली. इतक्या वर्षांत तो सिनेमा माझ्या मनातही आला नव्हता. पण तो बाक, ती डुलकी, ते नियमात बसणारं सगळं, आणि शेवटी मुस्काटात खाल्लेलं ते पोर. रीळ तुटलं नव्हतं. रीळ माझ्या खिडकीपर्यंत येऊन पोचलं होतं.

डबा तसाच ठेवून उठलो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा अर्ज लिहिला, आजींचा अंगठा घेतला, मॅनेजरसाहेबांची सही घेतली. पंचवीस मिनिटांचं काम होतं. यात मोठेपणा काही नाही. ते मागच्या आठवड्यातच करता आलं असतं. पण कारकुनाला कारकुनी दिसायला पडद्यावर बघावी लागते, आणि तीही काही वर्षं आधी बघून ठेवावी लागते.

त्यावरून मला वडील आठवले. लहानपणी ते आम्हाला जत्रेतल्या तंबूत सिनेमाला नेत. 'माहेरची साडी'ला आमच्या पुढच्या रांगेतल्या बायका इतक्या रडल्या की मला संवाद ऐकूच आले नाहीत. परतताना मी विचारायचो, "कसा होता?" वडील लगेच सांगायचे नाहीत. वाईट असला तर "बरा होता," म्हणत आणि विषय संपे. चांगला असला तर गप्प. दोन-तीन दिवसांनी जेवताना मध्येच एखादं वाक्य येई. 'श्वास' पाहिला त्याच्या तिसऱ्या दिवशी ताटावर म्हणाले, "डोळे जायच्या आधी त्या आजोबांनी पोराला हॉस्पिटलातून बाहेर काढून जग दाखवलं, ते बरं केलं." 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं त्या सिनेमाचं एवढं परीक्षण पुरेसं होतं. पूर्वी चेक वटायला तीन दिवस लागत, वडिलांचं मत वटायलाही तेवढेच लागत. आता चेक त्याच दिवशी वटतो, आणि मत सिनेमा सुटायच्या आधी.

म्हणून वहीत मी एक नवं खातं उघडलंय. ज्या रकमेचं काय करायचं हे लगेच कळत नाही, ती हिशोबात उचंत खात्यावर टाकतात. इंग्रजीत त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात, म्हणजे सिनेमावाल्यांनाही नाव परकं नाही. त्या खात्यात पहिला गेला रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं'. सनडान्सला मोठं पारितोषिक मिळालेला पहिला मराठी सिनेमा. वडील गेले म्हणून मुंबईहून गावी आलेला मुलगा, दहा दिवसांचं सुतक, आणि बालपणीच्या मित्राशी त्याचं असलेलं प्रेम. दोन पुरुषांच्या प्रेमाचा विषय आमच्या टेबलावर कसा काढावा, हा प्रश्न होताच. दुसऱ्या दिवशी डबा उघडला, कॅशियरने विचारलं, "पाचपैकी किती?"

म्हटलं, "क्लिअरिंगला टाकलाय. तीन दिवसांनी विचारा."

तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं नाही, तो विसरला होता. मीच सांगितलं. म्हटलं, "त्या पोराला बापासाठी रडायला सवडच मिळत नाही हो. जो तो लग्नाचं विचारतो. माझे वडील गेले तेव्हा मीसुद्धा दहा दिवस चहाचे कपच मोजत होतो."

कॅशियर बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने आपल्या डब्यातली मेथीची भाजी माझ्या झाकणात वाढली. ती मात्र उत्तम होती. पाचपैकी साडेचार.