क्रियापदाचं लिंग आणि एक डिस्को गाणं

सानगडीत दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. त्यानंतर मंडई भरते आणि रात्री खडी गंमत उभी राहते. त्या गमतीत लुगडं नेसून नाचणारा गडी आणि 1978 सालचं एक अमेरिकी डिस्को गाणं यांचा काय संबंध, असं वाचक विचारतील. मला तो व्याकरणात सापडला.

ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ हे मुळात तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेलं गाणं. पुढे ‘सब्स्टिट्यूट’ होतं. डिस्कोथेकमध्ये तबकड्या लावणाऱ्यांनी ती उलटवली, लोक नाचू लागले आणि 1979मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी जुलैत शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. लाट ओसरली. समलिंगी पुरुषांच्या क्लबांत मात्र हे गाणं वाजत राहिलं, आणि एड्सच्या काळात त्याचं शीर्षक शब्दशः खरं वाटू लागलं.

या टिकाऊपणाचं श्रेय सहसा गायिकेच्या आवाजाला आणि प्रेमभंगानंतरच्या जिद्दीला दिलं जातं. पण जिद्दीची गाणी ढीगभर आहेत. या गाण्यात ‘तो’ नाही आणि ‘ती’ही नाही, आहेत फक्त ‘मी’ आणि ‘तू’. इंग्रजीत या दोघांनाही लिंग नसतं. डिनो फेकारिस आणि फ्रेडी पेरेन या दोन पुरुषांनी लिहिलेले शब्द एका बाईने गायले. तेच एखाद्या पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला ऐकवले तरी अक्षरही बदलावं लागत नाही.

मराठीत ही सोय नाही. ‘घाबरलो’ की ‘घाबरले’? आमच्या झाडीपट्टीत तर बाई ‘मी घाबरली’ म्हणते. भविष्यकाळ तेवढा मोकळा: ‘मी तगेन’ कोणीही म्हणावं. (हिंदीत तेवढीही सवलत नाही.) काल काय झालं हे सांगायला गेलं की क्रियापद पकडून देतं. नागपुरात कॉलेजला असताना मी हे गाणं कॅसेटवर ऐकलं, तेव्हा घरी मी ‘कुणीतरी आवडतं’ असं नपुंसकलिंगात बोलत असे. खोटं नाही, खरंही नाही. 6 सप्टेंबर 2018ला सर्वोच्च न्यायालयाने 377 कलमातून आम्हाला मोकळं केलं. माझं वाक्य त्या दिवशीही नपुंसकलिंगीच राहिलं.

आपल्या परंपरेचं उत्तर इंग्रजीहून धीट आहे. राम जोशी, होनाजी, प्रभाकर पुरुषच. त्यांच्या लावणीतला ‘मी’ मात्र कितीदा तरी बाईचा. लिंग लपवण्याऐवजी स्त्रीलिंगी क्रियापदच अंगावर घ्यायचं. ‘नटरंग’ (2010) मधला गुणा पिळदार शरीर सोडून नाच्या होतो, आणि जग त्याच्याकडून त्याची किंमत वसूल करतं. त्याच चित्रपटातल्या ‘अप्सरा आली’वर आज पुरुष नर्तक हौसेने नाचतात, क्रियापद तर तिच्या नावातच आहे! पण ही मुभा रंगणापुरती. गेनरचं गाणं बसमध्येही गुणगुणता येतं, म्हणून मला ते जास्त उपयोगी पडलं. लावणी मोठी कला आहे, तरीही.

गेल्या मंडईत पहाटे गमतीतला गडी लुगडं सोडून चहाच्या टपरीवर आला. रात्रभर ‘आली, गेली’ गाणारा तो ‘थकलो गा’ म्हणाला. घरी कोण आहे, मी विचारलं.

‘हाये कोनीतरी,’ तो म्हणाला, आणि चहाचे पैसे त्यानेच दिले.